मिच मॅकॉनेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या राजकारणावर काहीही लिहिलं की मॅकॉनेल यांच्याबद्दलचे तेच ते प्रश्न पुन्हा येतात. काही तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांचे असतात, काही इथून रात्री उशिरा सेनेटचं मतदान बघणाऱ्यांचे. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मिच मॅकॉनेल म्हणजे नेमके कोण? थोडक्यात सांगा.

केंटकी राज्याचे रिपब्लिकन सेनेटर. १९८४ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि सलग सात निवडणुका जिंकले. जानेवारी २००७ ते जानेवारी २०२५ अशी अठरा वर्षं ते सेनेटमधल्या रिपब्लिकन पक्षाचे नेते होते. सेनेटच्या इतिहासात एवढा काळ कुठल्याच पक्षाचा नेता टिकलेला नाही. आधीचा सोळा वर्षांचा विक्रम डेमोक्रॅट माइक मॅन्सफिल्ड यांचा होता. अठरापैकी सहा वर्षं (२०१५ ते २०२१) बहुमत त्यांच्या बाजूला होतं, बाकी बारा वर्षं ते विरोधी बाकांवरचे नेते होते. हा हिशेब लक्षात ठेवा, कारण त्यांची खरी कला विरोधात बसूनच घडली.

२. सेनेटमधला पक्षनेता म्हणजे आपल्याकडचं कोणतं पद? सभापती, गटनेता की प्रतोद?

सर्वांत जवळचं पद गटनेत्याचं, पण अधिकार त्याहून बरेच जास्त. सेनेटचा पीठासीन अधिकारी देशाचा उपाध्यक्ष असतो, आपल्या राज्यसभेत उपराष्ट्रपती असतात तसा. एरवी तो फिरकत नाही, मतं समसमान पडली की निर्णायक मत द्यायला येतो. प्रतोद हे वेगळं पद आहे. मॅकॉनेल २००३ ते २००७ प्रतोद होते आणि तिथून नेते झाले.

बहुमतातल्या पक्षनेत्याच्या हातात असतं ते कामकाजाचं वेळापत्रक. कोणतं विधेयक सभागृहापुढे येणार, कोणत्या नेमणुकीवर कधी मतदान होणार, हे तो ठरवतो. बोलण्यासाठी एकाच वेळी अनेक जण उभे राहिले तर पहिली संधी त्याला मिळते. गंमत म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेत या पदाचा उल्लेखही नाही. सगळं प्रथा आणि पूर्वनिर्णयांवर चाललंय.

आपल्याकडच्या सभागृह नेत्याशी गल्लत करू नका. आपला सभागृह नेता सरकारचा माणूस असतो. तिकडचा पक्षनेता सहकारी सेनेटर गुप्त मतदानाने निवडतात, त्यामुळे अध्यक्ष त्याच्याच पक्षाचा असला तरी त्याला काढू शकत नाही. प्रश्न १३ चं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे.

३. जन्म अलाबामाचा, मग नेते केंटकीचे कसे झाले?

जन्म २० फेब्रुवारी १९४२ चा, अलाबामातल्या शेफील्डचा. कुटुंब आधी जॉर्जियात आणि १९५६ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिल शहरात आलं. शाळेत विद्यार्थी संघटनेचं अध्यक्षपद, लुईव्हिल विद्यापीठातून पदवी, मग केंटकी विद्यापीठातून कायदा. १९६४ च्या उन्हाळ्यात ते सेनेटर जॉन शर्मन कूपर यांच्या कार्यालयात प्रशिक्षणार्थी होते. त्याच उन्हाळ्यात नागरी हक्क कायद्याविरुद्धची अडवणूक सेनेटने मोडून काढली, आणि कूपर कायद्याच्या बाजूने होते. पुढे अडवणुकीतच हयात घालवलेल्या माणसाचा पहिला धडा हा होता!

१९७७ मध्ये ते जेफरसन काउंटीचे प्रमुख प्रशासक म्हणून निवडून आले. लुईव्हिल याच काउंटीत येतं. त्या पदाला तिकडे 'काउंटी जज' म्हणतात, पण काम न्यायदानाचं नाही, कारभाराचं.

४. शिकारी कुत्र्यांच्या जाहिरातीचा किस्सा खरा आहे का?

खरा आहे. १९८४ मध्ये समोर डेमोक्रॅट सेनेटर वॉल्टर 'डी' हडलस्टन होते आणि मॅकॉनेल बरेच मागे होते. मग रॉजर एल्स यांनी (पुढे फॉक्स न्यूज उभं करणारे तेच) एक जाहिरात केली. एक माणूस वास घेणारे कुत्रे दोरीला धरून हडलस्टन यांना शोधत गावभर फिरतोय, कारण म्हणे मतदान सोडून ते पैसे घेऊन भाषणं द्यायला गेलेत. लोक हसले. मॅकॉनेल सुमारे पाच हजार मतांनी जिंकले. रेगन यांची लाट देशभर होती, तरी त्या वर्षी पदावरच्या डेमोक्रॅट सेनेटरला हरवणारे रिपब्लिकन ते एकटेच. यात लाटेचा वाटा किती आणि कुत्र्यांचा किती, हा वाद केंटकीत अजून चालतो.

५. ते पहिल्यापासूनच कट्टर उजवे होते का?

नाही. काउंटीच्या निवडणुकीत त्यांनी कामगार संघटनांचा पाठिंबा मिळवला होता, सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क देण्याच्या बाजूने बोलून. सेनेटमध्ये पोहोचल्यावर पक्ष जसजसा उजवीकडे सरकला तसतसे तेही सरकले. विचारांचा झेंडा घेऊन पुढे धावणाऱ्यांतले ते नव्हेत. पक्षाचा मध्य कुठे आहे हे ओळखून तिथे ठाण मांडणारे आहेत.

एका विषयावर मात्र ते कधीच हलले नाहीत: निवडणुकीतला पैसा. देणग्यांवर मर्यादा म्हणजे भाषणस्वातंत्र्यावर मर्यादा, असं त्यांचं ठाम मत. निवडणुकीतल्या पैशावर बंधनं घालणाऱ्या मॅकेन-फाइनगोल्ड कायद्याविरुद्ध त्यांनी स्वतः खटला लढवला आणि २००३ मध्ये तो बहुतांशी हरले. २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने सर्वोच्च न्यायालय त्यांच्या बाजूला बरंच झुकलं. भाषणस्वातंत्र्याचा हाच आधार घेऊन २००६ मध्ये त्यांनी राष्ट्रध्वज जाळण्यावर बंदी घालणाऱ्या घटनादुरुस्तीविरुद्ध मत दिलं, पक्षाची मोठी फळी दुसऱ्या बाजूला असताना. ती दुरुस्ती एका मताने पडली. त्यांना तत्त्वच नाही असं म्हणणाऱ्यांनी हे मतदान विचारात घ्यायला हवं.

६. सेनेटमध्ये १०० सदस्य, मग ५१ मतं असूनही विधेयकं का अडकतात?

फिलिबस्टरमुळे. चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं लागतात, ती नसतील तर चर्चा 'संपतच' नाही. पूर्वी त्यासाठी तासन्‌तास उभं राहून बोलावं लागे, आता धमकी पुरते. अर्थसंकल्पाशी निगडित ठरावीक विधेयकांना यातून सूट आहे, म्हणून २०१७ ची करकपात साध्या बहुमतावर झाली.

हा नियम आधीही होता. मॅकॉनेल यांनी तो रोजचा केला. २००९ नंतर जवळपास प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला साठ मतांची चाळणी लागली. २०१३ मध्ये डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी वैतागून खालची न्यायालयं आणि प्रशासकीय नेमणुकांपुरता नियम मोडीत काढला. 'पस्तावाल, आणि वाटतं त्याहून लवकर', असं मॅकॉनेल यांनी तेव्हाच बजावलं. एप्रिल २०१७ मध्ये त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या नेमणुकांसाठीही नियम काढून टाकला. विधेयकांसाठी मात्र तो त्यांनी जपला. ट्रम्प यांनी वारंवार दबाव आणला तरीही. का? कारण आज ना उद्या आपण विरोधात बसणार, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात कायम असे.

७. 'ओबामा एकाच कारकिर्दीचे अध्यक्ष ठरावेत', असं ते खरंच म्हणाले होते?

हो, २०१० मध्ये एका मुलाखतीत. तेच आमचं सर्वांत महत्त्वाचं उद्दिष्ट, असं म्हणाले. ओबामा २०१२ मध्ये पुन्हा जिंकले. पण त्याच वर्षाअखेर करवाढ आणि खर्चकपातीचं संकट कोसळणार होतं, तेव्हा उपाध्यक्ष बायडन यांच्याशी तडजोड करून ते टाळणारेही मॅकॉनेलच. शेवटच्या घटकेला सौदा करायचा, त्याआधी करायचा नाही, ही त्यांची पद्धत.

८. मेरिक गार्लंड प्रकरण काय होतं?

१३ फेब्रुवारी २०१६ ला न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांचं निधन झालं. मॅकॉनेल यांनी त्याच दिवशी जाहीर केलं की ही जागा पुढचा अध्यक्ष भरेल, निवडणुकीचं वर्ष आहे, लोकांना बोलू द्या. ओबामांनी मार्चमध्ये अपील न्यायालयाचे न्यायाधीश मेरिक गार्लंड यांचं नाव पाठवलं. सेनेटने ना सुनावणी घेतली, ना मतदान. २९३ दिवसांनी ते नाव आपोआप बाद झालं.

यात नियमभंग कुठेच नव्हता. 'संमती द्यावी' असं घटना म्हणते, किती दिवसांत ते म्हणत नाही. याआधी एवढा निगरगट्टपणा कुणी केला नव्हता, इतकंच. रिकाम्या जागेचा राजकीय उपयोगही झाला. ट्रम्पबद्दल साशंक असलेला धार्मिक मतदार त्या एका जागेसाठी त्यांच्यामागे गेला. एप्रिल २०१७ मध्ये तिथे नील गॉर्सच आले. आपल्या कारकिर्दीतला सर्वांत परिणामकारक निर्णय हाच, असं मॅकॉनेल स्वतः सांगतात, आणि ते बरोबरच आहे.

९. मग २०२० मध्ये नेमकं उलट कसं केलं?

१८ सप्टेंबर २०२० ला न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग गेल्या. २६ ऑक्टोबरला, निवडणुकीच्या आठ दिवस आधी, एमी कोनी बॅरेट यांच्या नेमणुकीवर ५२ विरुद्ध ४८ मतांनी शिक्कामोर्तब झालं. मॅकॉनेल यांचा युक्तिवाद असा की २०१६ मध्ये अध्यक्ष एका पक्षाचा आणि सेनेट दुसऱ्याचं होतं, २०२० मध्ये दोन्ही एकाच पक्षाचे, म्हणून तुलना लागू नाही.

युक्तिवाद चलाखीचा आहे, पण 'लोकांना बोलू द्या' या वाक्यात तो बसत नाही. त्यांनी लपवलंही नव्हतं. २०१९ मध्येच केंटकीतल्या एका सभेत त्यांना विचारलं गेलं की निवडणुकीच्या वर्षी जागा रिकामी झाली तर काय कराल. हसून म्हणाले, भरू की!

१०. न्यायाधीशांसाठी एवढा आटापिटा कशाला?

कायदा पुढचं सभागृह रद्द करू शकतं, संघराज्य न्यायाधीशाची नेमणूक मात्र तहहयात असते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या वर्षी निवृत्ती आहे, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. पन्नाशीत नेमलेला माणूस तिथे तीस वर्षं बसू शकतो.

२०१५-१६ या दोन वर्षांत मॅकॉनेल यांच्या सेनेटने ओबामांचे अपील न्यायालयांचे जेमतेम दोन न्यायाधीश मंजूर केले. त्यामुळे ट्रम्प आले तेव्हा शंभरावर न्यायाधीशपदं रिकामी होती. मग चार वर्षांत अपील न्यायालयांवर ५४ नेमणुका झाल्या. ओबामांच्या आठ वर्षांत ५५ झाल्या होत्या. २०१९ मध्ये जिल्हा न्यायाधीशांवरच्या चर्चेची मुदत तीस तासांवरून दोन तासांवर आणली, कारण विरोधक तासच मोजत बसले होते. सर्वोच्च न्यायालयात तीन नवे न्यायमूर्ती आले. जून २०२२ मध्ये गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द झाला तेव्हा ते तिघेही बहुमतात होते.

भारतीय वाचकांसाठी एक नाव: अमूल थापर. भारतीय वंशाचे हे केंटकीतले न्यायाधीश मॅकॉनेल यांचा विश्वास संपादून वर आले, आणि ट्रम्प यांनी अपील न्यायालयासाठी केलेली पहिली नेमणूक त्यांचीच होती (मे २०१७).

११. त्यांचा सर्वांत मोठा पराभव कोणता?

२८ जुलै २०१७ ची मध्यरात्र उलटल्यानंतरची वेळ. सात वर्षं 'ओबामाकेअर (ओबामांचा आरोग्यविमा कायदा) मुळापासून उपटू' म्हणणाऱ्या पक्षाकडे अखेर सगळी सत्ता होती, आणि त्याच पक्षाच्या जॉन मॅकेन यांनी सभागृहात अंगठा खाली केला. ४९ विरुद्ध ५१. अडवण्यात निष्णात असलेल्या नेत्याला रचायला घेतलं की काय अवघड जातं, ते त्या रात्री दिसलं. २०१९ मध्ये प्रतिनिधीगृह (संसदेचं कनिष्ठ सभागृह) डेमोक्रॅट्सकडे गेल्यावर तिकडून येणाऱ्या विधेयकांसाठी मॅकॉनेल यांनी स्वतःला 'मृत्युदूत' म्हणवून घेतलं. ती भूमिका त्यांना जास्त मानवली.

१२. ट्रम्प यांना 'जबाबदार' म्हणाले आणि तरी 'दोषी नाही' असं मत दिलं. हे कसं?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

६ जानेवारी २०२१ ला संसदेवर हल्ला झाला. १३ जानेवारीला प्रतिनिधीगृहाने ट्रम्प यांच्यावर दुसऱ्यांदा महाभियोग मंजूर केला. तेव्हा सेनेटचं वेळापत्रक मॅकॉनेल यांच्याच हातात होतं. १९ तारखेपूर्वी सेनेट बोलवायला त्यांनी नकार दिला. २० ला ट्रम्प पायउतार झाले. १३ फेब्रुवारीला मतदान झालं तेव्हा मॅकॉनेल म्हणाले की माजी अध्यक्षावर सेनेटला खटला चालवता येत नाही, आणि 'दोषी नाही' असं मत दिलं. लगेच उभे राहून त्यांनी भाषणही केलं: घडलेल्या प्रकाराला ट्रम्प व्यवहारतः आणि नैतिकदृष्ट्या जबाबदार आहेत, आणि फौजदारी न्यायालयं अजून आहेत.

निकाल ५७ विरुद्ध ४३. ६७ मतं हवी होती. सात रिपब्लिकन ट्रम्प यांच्या विरोधात गेले. मॅकॉनेल गेले असते तर आणखी दहा गेले असते का? त्यांच्या समर्थकांना वाटतं की नाही, उलट नेतेपद गेलं असतं. शक्य आहे. पण खटला वेळेत सुरू होऊ न देणारा माणूसच 'आता वेळ गेली' म्हणतो, तेव्हा तो फक्त घटनेचा अर्थ लावत नसतो. पक्ष आपोआप ट्रम्प यांच्यापासून दूर जाईल, आपण हात काळे करायची गरज नाही, असा तो अंदाज होता. तो साफ चुकला. ट्रम्प यांनी त्यांना 'ओल्ड क्रो' म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या पत्नी आणि माजी परिवहन मंत्री इलेन चाओ यांच्यावर वंशवाचक टोमणे मारले, आणि मार्च २०२४ मध्ये मॅकॉनेल यांनी त्याच ट्रम्प यांना अध्यक्षपदासाठी पाठिंबा जाहीर केला. (ओल्ड क्रो ही केंटकीची बर्बन व्हिस्की. ते मॅकॉनेल यांनी हसण्यावारी नेलं.)

१३. लोकांत एवढे नावडते असूनही अठरा वर्षं नेते कसे राहिले?

कारण नेता देश निवडत नाही, पन्नासेक सहकारी निवडतात (प्रश्न २). त्यांच्यासाठी मॅकॉनेल निधी उभा करत, अवघड मतदान टाळून देत आणि शिव्या स्वतः खात. वृत्तवाहिन्यांवर चमकायची त्यांना हौस नव्हती, आणि चमकणाऱ्या शंभर जणांच्या सभागृहात हा गुण दुर्मीळ. केंटकीतही प्रेमाने नव्हे तर हिशेबाने मतं पडत. २०२० मध्ये त्यांच्या डेमोक्रॅट प्रतिस्पर्धी एमी मॅकग्राथ यांनी देशभरातून नऊ कोटी डॉलरहून अधिक जमवले आणि त्या सुमारे वीस टक्क्यांच्या फरकाने पडल्या.

नेतेपदाला उघड आव्हान एकदाच मिळालं, नोव्हेंबर २०२२ मध्ये रिक स्कॉट यांचं. मॅकॉनेल ३७ विरुद्ध १० असे जिंकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी स्वतःहून पद सोडण्याची घोषणा केली. पुढे जॉन थून नेते झाले.

१४. पक्षाच्या विरोधात मत देऊनही सदस्यत्व कसं जात नाही?

तिकडे पक्षांतरबंदी कायदाच नाही. आपल्याकडे १९८५ पासून दहाव्या अनुसूचीनुसार प्रतोदाचा आदेश मोडला तर अपात्रतेची तलवार असते. २०२२ च्या शिवसेना फुटीनंतर प्रतोद कुणाचा खरा, यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत किती खल झाला, ते मराठी वाचकाला सांगायला नको. अमेरिकेत प्रतोद फक्त मतं मोजतो आणि मनधरणी करतो. शिक्षा झालीच तर समितीतलं स्थान, निधी किंवा पुढच्या पक्षांतर्गत निवडणुकीत आव्हान. ज्याला पुन्हा लढायचंच नाही, त्याला यातलं काहीच लागत नाही. पुढचा प्रश्न पाहा.

१५. २०२५ मध्ये ट्रम्पविरोधात मतं दिली. म्हणजे आता ते बंडखोर झाले?

निवडक बंडखोर. संरक्षणमंत्री म्हणून पीट हेगसेथ यांच्या नेमणुकीविरुद्ध मत देणाऱ्या तीन रिपब्लिकनांपैकी ते एक. तुलसी गबार्ड (गुप्तचर प्रमुखपद) आणि रॉबर्ट एफ. केनेडी ज्युनियर (आरोग्यमंत्रिपद) यांच्या नेमणुकीविरुद्ध मत देणारे तर एकमेव रिपब्लिकन. कॅनडावरच्या आयातशुल्काविरुद्धही मत दिलं. पण जुलै २०२५ च्या ट्रम्प यांच्या मोठ्या कर-खर्च विधेयकाला त्यांचा होकार होता. लष्कर, युक्रेन, व्यापार, लस या विषयांवर ते जुन्या रेगनकालीन रिपब्लिकनांसारखे वागतात, करांवर पक्षासोबत राहतात.

१६. केनेडींना विरोध आणि पोलिओ यांचा संबंध काय?

दोन वर्षांचे असताना, १९४४ मध्ये, त्यांना पोलिओ झाला. लस यायला अजून अकरा वर्षं होती. डावा पाय अधू झाला. जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथल्या, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी उभारलेल्या केंद्रात आईने व्यायाम शिकून घेतले आणि दोन वर्षं घरी रोज करून घेतले. लशीवर संशय पेरणाऱ्याला आरोग्य खातं देणार नाही, असं ते याच आधारावर म्हणाले. पल्स पोलिओचे रविवार आठवणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१७. बोलता बोलता गोठले होते तो प्रकार काय? आता तब्येत कशी?

मार्च २०२३ मध्ये ते पडले, डोक्याला मार लागला आणि बरगडीला इजा झाली. जुलै आणि ऑगस्टमध्ये दोनदा पत्रकारांसमोर बोलताना ते काही सेकंद स्तब्ध झाले. संसदेच्या डॉक्टरांनी पक्षाघात किंवा फिट्सचं लक्षण नसल्याचं सांगितलं. त्यापलीकडचं निदान आम्ही करणार नाही, तुम्हीही चित्रफीत पाहून करू नका.

१८. आमचे बेळगावचे श्री ठाणेदार त्यांच्यासोबतच बसतात का?

नाही. ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधीगृहावर आहेत, ते वेगळं सभागृह, आणि ते डेमोक्रॅट. महाभियोगाचा प्रस्ताव प्रतिनिधीगृहात मांडला जातो, खटला सेनेटमध्ये चालतो. ठाणेदारांनी २०२५ मध्ये मांडलेला ट्रम्पविरोधी प्रस्ताव त्या पहिल्या पायरीवरचा.

१९. मुदत संपण्याआधी जागा रिकामी झाली तर डेमोक्रॅट गव्हर्नर आपला माणूस बसवेल का?

पूर्वी बसवता आला असता. केंटकीचे गव्हर्नर अँडी बेशियर डेमोक्रॅट, पण विधिमंडळ रिपब्लिकनांचं. २०२१ मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला: गव्हर्नरने जाणाऱ्या सेनेटरच्याच पक्षाने दिलेल्या तीन नावांतून निवडायचं. २०२४ मध्ये तोही अधिकार काढला आणि गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून थेट पोटनिवडणुकीची तरतूद केली. तेव्हा तो रस्ता बंद आहे.

२० फेब्रुवारी २०२५ ला, त्र्याऐंशीव्या वाढदिवशी, मॅकॉनेल यांनी पुन्हा लढणार नसल्याचं सांगितलं. मुदत जानेवारी २०२७ पर्यंत, जागेची निवडणूक नोव्हेंबर २०२६ मध्ये. केंटकीने सेनेटवर शेवटचा डेमोक्रॅट १९९२ मध्ये पाठवला होता. रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीत डॅनियल कॅमेरॉनही उतरले. कधीकाळी ते मॅकॉनेल यांच्याच कार्यालयात कायदेविषयक सल्लागार होते.